रुतलेली अक्षरं

आमच्या प्रकाशनाच्या कार्यालयात पर्यावरणाचा विचार पुस्तकांतून आला नाही, खिडकीतून आला. मागच्या गल्लीत आमच्या पुस्तकांची बांधणी करणारा आहे. मुखपृष्ठांना लॅमिनेशन झालं की प्लास्टिकची कात्रणं उरतात. ती तो गोळा करून संध्याकाळी पेटवून द्यायचा. दिवसभर परभणीत वाऱ्याचा पत्ता नसतो, पण कात्रणं पेटली की तो नेमका आमच्या खिडकीकडं वळायचा. एकदा बायको नाकाला पदर लावून भांडायला गेली. तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, हे तुमच्याच पुस्तकांचं हाय. मी काय घरून आणलं का?" ती परत आली आणि गप्प बसली. ती गप्प बसली की मला धडकी भरते, कारण त्यानंतर घरात काहीतरी बदलतंच.

कार्यालय म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत आम्ही दोघं, संगणक आणि पुस्तकांचे गठ्ठे. मागच्या खोलीत वडिलांच्या छापखान्यातलं पायानं चालवायचं छपाईचं यंत्र, ट्रेडल. पुस्तकांची पानं आता बाहेरून छापून येतात, ट्रेडलवर मी पावत्या आणि एखादी पत्रिका छापतो, तीही यंत्र गंजू नये म्हणून.

बायकोनं एकेक गोष्ट बंद करायला घेतली. प्रुफं कोऱ्या कागदावर काढायची नाहीत, पाठकोऱ्यावर काढायची. पार्सलला बुडबुड्यांचं प्लास्टिक नाही, जुनं वर्तमानपत्र आणि सुतळी. प्रकाशन समारंभाला फ्लेक्स नाही, पाण्याच्या बाटल्या नाहीत, ज्यांची फुलं गाडीत बसण्याआधीच मान टाकतात ते पुष्पगुच्छ नाहीत. खपतील असं वाटतं त्याच्या निम्म्याच प्रती काढायच्या, कारण आपल्याला नेहमी दुप्पट वाटतं. कार्यालयाला एसी घ्यायचं दोन उन्हाळे चाललं होतं, ते रद्द होऊन दाराला वाळ्याचा पडदा आला. आणि मुखपृष्ठाला प्लास्टिकचं लॅमिनेशन अजिबात नाही.

मी आधी कुरकुरलो. मग हळूहळू मलाच चेव चढला. नवीन धर्म स्वीकारलेल्या माणसासारखा मी भेटेल त्याला ऐकवायला लागलो. पाथरीचे एक निवृत्त मुख्याध्यापक आमचे लेखक आहेत. त्यांनी आपलं बिनचमकीचं पुस्तक हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "हे पुस्तक आहे का पोराची वही?" मी त्यांना धुराची गोष्ट सांगितली, प्लास्टिक मातीत किती काळ पडून राहतं ते सांगितलं. ते म्हणाले, "आपल्याकडच्या धुळीत तुमचं पुस्तक दिवाळीपर्यंत तरी राहतं का बघा." त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. त्या रागात मी जाहीर करून टाकलं की राज्यपालांचं पुस्तक आलं तरी आमच्याकडं चमक मिळणार नाही.

राज्यपाल काही आले नाहीत. मावशी आल्या.

मावशींचं देवगाव फाट्यावर चहा-भज्यांचं हॉटेल आहे. पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, पाण्याचं स्टीलचं पिंप. गेली चाळीसेक वर्षं त्या आणि त्यांचे मालक, म्हणजे नवरा, ते चालवतात. फाटा म्हणजे गाडी बदलायची जागा. कुणी माहेरपणाला निघालेलं, कुणी दवाखान्यातून परतलेलं, कुणी भांडून घर सोडून आलेलं आणि चहा पिऊन परत गेलेलं. मावशी चुलीमागून हे सगळं बघत राहिल्या आणि बऱ्याच उशिरा, साठी ओलांडल्यावर, लिहायला लागल्या. त्यांचं लेखन आमच्याकडं आलं तेव्हा मी चार पानं वाचून ठेवून देणार होतो. संध्याकाळ झाली तरी मी खुर्चीतून उठलो नव्हतो. पुस्तकाचं नाव त्यांनीच दिलं होतं, 'फाट्यावरची चूल'.

पहिलंच प्रकरण त्या लिहायला कशा शिकल्या त्याचं आहे. लग्न होऊन आल्या तेव्हा अक्षरओळख नव्हती. एका रिकाम्या दुपारी मालकांनी भज्यांच्या बेसनाची परात पुढं ओढली, त्यात बोटानं एक शब्द काढला आणि म्हणाले, गिरव. मावशींनी गिरवला. तो शब्द म्हणजे त्यांचंच नाव. पुढं त्यांनी लिहिलंय, 'मग एसटी आली, गिऱ्हाईक आलं, त्याच बेसनाची भजी तळली. त्या दिवशी लोकांनी माझं नाव खाल्लं. मालकांनी माझं नाव तोंडानं कधी घेतलं नाही, बेसनात तेवढं लिहिलं.' हे वाचून बायकोनं प्रुफाचा कागद खाली ठेवला आणि चष्मा पुसला.

तर मावशी मुखपृष्ठाचं बोलायला आल्या होत्या. पाणी प्याल्या, वाळ्याच्या पडद्याचा वास छान आहे म्हणाल्या आणि मग मुद्द्यावर आल्या. "दादा, मला पुस्तक चकचकीत पाहिजे. लग्नाच्या अल्बमवानी."

मी माझं पर्यावरणाचं पुराण सुरू करणार, एवढ्यात त्या पुढं बोलल्या. "मालकाच्या डोळ्याला काचबिंदू हाय. नस सुकली म्हनले डाक्टर. गेलेली नजर येत न्हाई, राहिलेली जपा म्हनले. आता लय अंधुक दिसायलंय त्यांला. पर चमकतंय ते दिसतं. एसटीची काच, पान्याचं पिंप, उन्हात पालथं घातलेलं भगुनं. म्हून म्हनते. वाचता तर येनार न्हाई त्यांला. निदान माझं पुस्तक झालेलं तरी त्यांला दिसाया पाहिजे."

मी म्हणालो, "बघतो." हा प्रकाशकांचा फार जुना आणि फार सोयीचा शब्द आहे. नाही म्हटल्यासारखं होत नाही आणि हो म्हटल्याचं ओझं राहत नाही. मावशींनी मात्र तो 'हो' म्हणूनच घेतला आणि समाधानानं गेल्या.

मला वाटलं होतं, बायको नियमाला चिकटून राहील आणि मला तिच्या आडून नकार देता येईल. ती म्हणाली, "नियम आपण केलाय, त्यांनी नाही."

"एकाला दिलं की उद्या मुख्याध्यापक दारात उभे राहतील."

"राहू देत. तुम्ही गावभर बोलून बसलात ती तुमची अडचण आहे, मावशींची नाही."

हे खरं असल्यामुळं मी चिडलो. पण चिडून प्रश्न सुटत नव्हता. त्या बाईनं आयुष्यात आमच्याकडं एकच गोष्ट मागितली होती आणि तीही स्वतःसाठी नाही. शेवटी आम्ही असं ठरवलं की बाकीच्या प्रती साध्या ठेवायच्या आणि एकच प्रत चकचकीत करायची, मावशींच्या मालकांपुरती, म्हणजे काकांपुरती. त्याआधी मुखपृष्ठाचा एक नमुना प्लास्टिक चढवून काकांना दाखवायचा. दिसला तर ठीक.

बांधणीवाल्यानं एका कागदाला लॅमिनेशन करून दिलं आणि वर म्हणाला, "काय सर, पुन्हा सुरू का?" मी नमुना पिशवीत घातला. सेलूला गाडी बदलून फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

काका छपराच्या कडेला खुर्चीत बसले होते. स्वच्छ धोतर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. मावशींनी माझ्या हातातला नमुना जवळजवळ ओढूनच घेतला. ऊन पडेल असा तिरपा धरला आणि म्हणाल्या, "बगा बरं. दिसायलंय का?"

काकांनी मान वर केली, थोडी डावीकडं वळवली. "दिसायलंय की. लय झकास झालंय."

"लाल रंग हाय बगा खाली."

"व्हय, लालच की."

मावशींचा चेहरा असा उजळला की मी आनंदानं नियम मोडायला तयार झालो. तेवढ्यात जालन्याकडची गाडी लागली. लोक उतरले आणि मावशी चहाला आधण ठेवायला गेल्या. काकांनी हात पुढं करून माझं मनगट शोधलं. तेव्हाच मला काय ते कळायला हवं होतं.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "मला कायबी दिसत न्हाई. उन्हाळ्यापासून न्हाई. चमकबी गेली."

मी बाकडं त्यांच्या जवळ ओढलं.

"ती रोज कायतरी दाखवायलीय. भगुनं दाखवती, ताट दाखवती. दिसायलंय का म्हनती. मी व्हय म्हनतो. आवाज कुठून यायलाय ते कळतं, तिकडं मान फिरवतो. तिला वाटायलंय, एवढं तरी राहिलंय." त्यांनी कानोसा घेतला. पलीकडं मावशी कुणाला तरी साखर कमी का जास्त ते विचारत होत्या. "तुमी चमकदारच करा. तिचं पुस्तक हातात येऊ द्या. मी दिसतंय म्हनीन. मग सांगीन कवातरी माझं मी."

येताना गाडीत मला फार वाईट वाटत होतं आणि थोडा रागही होता, पण कुणावर ते ठरेना. मावशी काकांसाठी चमक मागत होत्या, काका मावशींसाठी. ज्याला दिसावं म्हणून प्लास्टिक चढवायचं त्याला ते दिसणारच नव्हतं. काकांनी सांगितलेलं कुणाला बोलायचं नव्हतं, पण बायकोला सांगितल्याशिवाय मला पचेना. तिनं ऐकून घेतलं. हातातली सुतळी उलगडून पुन्हा गुंडाळली.

"मावशींना सांगायचं तरी कसं," एवढंच म्हणाली.

आतली पानं छापून आली होती. मुखपृष्ठ तेवढं अडलं होतं. मी दोनचार दिवस टाळलं. मग ठरवलं की चमक असो नसो, निदान नाव तरी ठसठशीत दिसू दे. वडिलांच्या वेळचे लाकडी खिळे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे ठोकळे, अजून आहेत, मोठाले, उरसाच्या आणि जत्रेच्या भित्तिपत्रकांना वापरायचे ते. ते काढून, पुसून मी नाव जुळवलं. खाली मावशींचं नाव शिशाच्या मोठ्या खिळ्यांत. जाड, पिवळसर, खरबरीत कागद आणला. काहीच जमलं नाही तर लॅमिनेशन आहेच, असा विचार मनात होता, हे लपवत नाही.

ट्रेडलला कागदाच्या मागं एक गादी लागते. चांगल्या कडक कागदाचे मोजके थर. मी म्हटलं, नवा कागद कशाला? घरात प्रुफांचे ढीग पडलेत, दोन्ही बाजूंनी वापरून झालेले, आता रद्दीशिवाय गत नाही. त्यांचीच गादी केली. हाताला पातळ लागली म्हणून अजून थोडे घातले. तो कागद मऊ, वापरून फुगलेला. काटकसरीच्या नादात गादी भलतीच गुबगुबीत झाली. पहिला कागद घातला, पाय मारला, यंत्रानं दणका दिला, आणि कागद बाहेर आला तो बघून मी कपाळाला हात लावला. अक्षरं छापली गेली नव्हती, रुतली होती. कागदात खोल चर पडले होते आणि मागच्या बाजूला तेच अक्षर उलटं होऊन टम्म वर आलं होतं.

आमच्या धंद्यात याला हातघाई म्हणत. अक्षरानं कागदावर बसावं, आत घुसू नये. असा कागद दिसला की वडील तो गिऱ्हाइकाच्या नजरेस पडण्याआधी फाडून टाकायचे आणि ज्यानं छापला त्याला दिवसभर ऐकवायचे. मी फाडायला घेतलाच होता. बायको शेजारी कागद वाळत घालायला दोरी बांधत होती. तिनं तो माझ्या हातातून घेतला.

"फाडू नका."

"वाया गेलाय तो."

तिनं पहिल्या अक्षरावरून बोट फिरवलं. मग डोळे मिटून पुन्हा फिरवलं, वरून खाली, वळणावर थांबत. "बेसन आठवतंय का तुम्हाला?" ती म्हणाली.

मला आठवत होतं. मी तिच्या हातातून कागद घेतला, डोळे मिटले आणि फ गिरवला. शाळेत पाटीवर गिरवलेला, तसाच. मला उगाचच हसू फुटलं, कारण आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वाईट छपाईचा कुणाला उपयोग होणार होता.

"पण काकांनी विश्वासानं सांगितलंय," मी म्हणालो. "यातून ते उघडं पडतील."

"ते लपवतायत आणि त्या रोज त्यांना भगुनी दाखवतायत. असं कुठवर चालायचं?" ती म्हणाली. "तुम्ही काही बोलू नका. फक्त पुस्तक आधी काकांच्या हातात द्या."

सगळी मुखपृष्ठं तशीच छापली. वीज गेली होती, ट्रेडलला तिचं काही देणंघेणं नव्हतं. मी पाय मारत होतो, ती एकेक कागद दोरीवर टाकत होती. गादी जराही पातळ केली नाही. पोटऱ्या दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखल्या.

पुस्तकं घेऊन दोघंही गेलो. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुतळीनं बांधलेला गठ्ठा मावशींनी बघितला आणि हात धुऊन, पुसून, हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आल्या. फाट्यावर नवीन काहीही आलं, गॅसची शेगडी आली तरी तिला आधी कुंकू लागतं. मी पुस्तक काकांच्या हातात देणार होतो, पण मावशींना दम नव्हता. त्यांनी सुतळी तोडली, कागद उलगडला आणि वरचं पुस्तक उचललं.

त्यांचं बोट कुंकवात बुडालेलं तसंच राहिलं. पुस्तक त्यांनी उन्हात धरलं, तिरपं केलं, पुन्हा सरळ केलं. पिवळसर, खरबरीत, कुठूनही चमकेना.

"हे असं का?" त्या म्हणाल्या.

मी गठ्ठ्याचं वर्तमानपत्र गोळा करायला लागलो.

"दादा, मी एकच मागितलं होतं तुमाला." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. बाकड्यावरची माणसं चहा पिता पिता थांबली. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. आपण फार शहाणपणा केला, असं तेव्हा पक्कं वाटलं.

बायको पुढं झाली. तिनं मावशींच्या हातातलं पुस्तक अलगद काढून घेतलं आणि काकांच्या मांडीवर ठेवलं. "काका, पुस्तक आलं बरं का."

काकांनी ते दोन्ही हातांनी उचललं, नेहमीसारखं तोंडासमोर धरलं, मान जराशी डावीकडं केली. "लय झकास," ते म्हणाले. "दिसाय..."

त्यांचा अंगठा चरात गेला होता. ते बोलायचे थांबले. पुस्तक खाली आलं, मांडीवर टेकलं. अंगठा बाजूला झाला आणि तर्जनी आली. वरून खाली, मग गोल, मग परत वर.

"फ," काका म्हणाले. "फ ला काना, फा." बोट पुढं सरकलं. "ट्या." मग कितीतरी वेळ ते एकेक अक्षर धरत, सोडत, परत मागं येत पुढं गेले. चुलीवरचा चहा ऊतू गेला, त्याचा जळका वास आला, तरी मावशी हलल्या नाहीत. त्या काकांच्या बोटाकडं बघत होत्या. दिसणारा माणूस असं वाचत नाही, हे त्यांना कळलं होतं. ते कळताना मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मग बघवलं नाही.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"उन्हाळ्यापासून," काका म्हणाले. बोट थांबलं नव्हतं. ते आता खालच्या ओळीवर आलं होतं. तिथली अक्षरं लहान होती, पण गादीच्या कृपेनं तीही पुरेशी खोल गेली होती. काकांनी पहिलं अक्षर दोनदा गिरवलं. मग त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. हा शब्द त्यांच्या बोटाच्या ओळखीचा होता.

त्यांनी तो वाचला. आधी तुटक, अक्षर अक्षर, मग सबंध. मावशींचं नाव मी इथं लिहीत नाही, ते काकांनीच घ्यावं असं मला वाटतं. 'अगं' आणि 'ऐकलं का' यावर ज्यांचा सगळा संसार झाला, त्यांनी भर दुपारी, चार गिऱ्हाइकांसमोर, बायकोचं नाव मोठ्यानं घेतलं.

मावशींनी कुंकवाचं बोट पदराला पुसलं. काकांच्या शेजारी खाली बसल्या, त्यांची तर्जनी धरली आणि ओळीच्या सुरुवातीला नेऊन ठेवली.

"गाडीच्या आवाजात ऐकू न्हाई आलं," त्या म्हणाल्या. "परत वाचा."

फाट्यावर तेव्हा एकही गाडी नव्हती.